भिंतीकडे तोंड केलेले स्पीकर

रणजीतने ते स्पीकर माझ्या गळ्यात मारले, तेव्हा मी त्याला सरळ वेड्यात काढलं होतं. एकेका पेटीत नऊ छोटे स्पीकर. त्यातला एकच आपल्याकडे बघणार, बाकीचे आठ भिंतीकडे तोंड करून गाणार. ही काय गाणं ऐकवायची रीत झाली?

"अरे दिनानाथ, सभागृहात काय होतं?" तो म्हणाला. "गाणारा समोर असला तरी निम्मा आवाज भिंतींवर आपटूनच येतो. हे तसंच. जुनं डिझाइन आहे, पण आजही तोड नाही. लावून तर बघ."

बेलापूरच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी शेजारी होती. आता तो मुलाकडे पुण्याला चालला होता आणि सूनबाईला ही धुडं नको होती. मी ती करंजाड्याला घरी आणली.

पहिल्याच संध्याकाळी हॉल मोठा झाल्यासारखा वाटला. गाणारी बाई नेमकी कुठे उभी आहे ते सांगता येईना, पण ती घरात होती एवढं नक्की. नोकरीत असताना ज्याची वाट बघितली ते हे सुख, असं मला वाटलं.

आणि दोन-चार दिवसांत सगळं बिघडलं. आवाज उजवीकडे गोळा झाला. डावी पेटी घसा बसल्यासारखी गप्प. मी वायरी अदलाबदल केल्या, तरी डावीकडेच बोंब. चक्क पेट्यांच्या जागा बदलल्या, तरीही डावीकडेच. मग म्हटलं ॲम्प्लिफायर गेला. मेकॅनिकला बोलवावं म्हणतोय, तर सकाळी सगळं पुन्हा झकास! पुढच्या आठवड्यात परत तेच. माझं डोकंच चालेना.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, आधी डावा कान गेला होता. मग दुसरा. शेवटी शेवटी पंगतीत सगळे हसले की अण्णा थोडं मागून हसायचे, कशाला हसतोय ते न कळता. मला तसं हसायचं नव्हतं. म्हणून दोष स्पीकरचाच असायला हवा होता. आणि कान जर गेला असेल, तर तो अधूनमधून परत कसा येतो?

शनिवारी बायकोनं, जयमालानं, सोसायटीतल्या बायकांना चहाला बोलावलं होतं. मी खोलीतून बाहेर आलो तर बाईसाहेब पदर खोचून पेटी गर्रकन फिरवतायत.

"अगं, काय करतेयस?"

"दोन्ही पेट्यांचं ह्या बाजूचं कापड फाटलंय, मी रफू केलंय ते. पाहुण्यांना काय रफू दाखवायचं? म्हणून कोणी येणार असलं की चांगली बाजू पुढे करते. नंतर परत फिरवते. उन्हानं ते कापडही विटायला नको."

चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर पाहुण्यांसाठी, आणि आता स्पीकरची पाठसुद्धा! दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, त्यामुळे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. घरातले पडदे बदलले तरी ज्याला कळत नाही, त्याला हे काय कळणार? मी इतका हसलो की ती रागावली. पेट्या उलट्या होत्या, आठ तोंडं आपल्याकडे आणि एक भिंतीकडे! माझा कान शाबूत होता.

बायका गेल्यावर मी मुद्दाम त्या उलट्या पेट्यांवरच गाणं लावलं. "ऐक. डावीकडून काही येतंय का?"

ती उरलेला चिवडा खात सोफ्यावर मधोमध बसली. "येतंय की. दोन्हीकडून अगदी लख्ख. उलट आज ती बाई बरोबर समोर बसून गातेय."

मी तिच्या जागी बसलो. बाई उजव्या पेटीत होती. डावीकडे काही नव्हतं. मी उजव्या कानात बोट घातलं, तर गाणं दोन मजले खाली गेलं.

तेव्हा सगळं समजलं. पेट्या भिंतीकडे तोंड करून असल्या की आवाज चारी बाजूंनी आपटत माझ्या एकाच चांगल्या कानात येत होता आणि मला वाटत होतं, दोन्ही कान ऐकतायत. रणजीतचं डिझाइन आजही टिकून होतं. टिकलो नव्हतो तो मी.

मी उठलो, दोन्ही पेट्या पुन्हा भिंतीकडे वळवल्या आणि येऊन बसलो. हॉल भरला.

डावीकडे बसलेल्या जयमालाचे ओठ हलले. मी तिच्याकडे बघून हसलो. थोडं उशिरा. ते हसू मी ओळखलं.

"अगं," मी म्हणालो, "जरा इकडे उजवीकडे येऊन बस."

ती चिवड्याची ताटली उचलून या बाजूला आली.

"उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय," ती म्हणाली. "ऐकलंत?"

"ऐकलं," मी म्हणालो.