चादरींवरची काजळी

"बाबा, ट्रकचा नवा सायलेन्सर खालून नको. कॅबिनच्या मागून सरळ वर काढाल का?"

प्रश्न तिच्या तोंडचा होता, पण पैज मैत्रिणींची. दहावीच्या वर्गातल्या तिघींनी मधल्या सुट्टीत तिला डिवचलं होतं, "वक्तृत्वात पहिली येतेस ना, मग बाबांना पटवून पाइप वर काढून घेऊन दाखव." आणि ती तर हल्ली वाऱ्यावरच स्वार होती. वक्तृत्वाची ढाल घरी आल्यापासून तिची जीभ टाळ्याला लागत नव्हती. पंखा कुणी पुसायचा यावरसुद्धा ती पाच मिनिटं मुद्देसूद बोलायची.

ट्रक तिच्याहून पाच वर्षांनी थोरला होता. सायलेन्सर गंजून त्याची चाळण झाली होती. बाबा तिला शाळेच्या फाटकाशी सोडायचे तेव्हा अख्खी शाळा खिडकीत यायची. "आली बाई, तोफा डागत आली," मैत्रिणी म्हणायच्या. आता सायलेन्सर बदलायचाच होता, तर जरा रुबाबात बदलू, एवढंच तिचं म्हणणं.

"वर?" बाबा हसले. "बरं दिसेल का गं ते?"

"बरं? लोक वळून वळून बघतील. शिवाय धूर मागच्या गाडीवाल्याच्या तोंडात जाणार नाही. म्हणजे समाजसेवाही झाली."

बाबांनी हात टेकले. लेकीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्यांचं एकमेव व्यसन.

रविवारी सकाळी दोघं गॅरेजवर गेले. मिस्त्रीकाका आणि बाबा यांची दोस्ती ट्रकएवढीच जुनी. काकांनी जुना सायलेन्सर उतरवला तेव्हा पसाभर गंज खाली सांडला. बाबा पाइप आवळायच्या पट्ट्या आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, आणि काका ट्रकखालून सरकत बाहेर आले.

"वर काढायला हरकत नाही," कपाळ पुसत ते म्हणाले. "पण पोरी, माल काय असतो सध्या?"

"दवाखान्याच्या चादरी. आईच्या लाँड्रीतून न्यायच्या."

"मग ताडपत्री पूर्ण बंद असते ना? पुढून उघडी असली तर काजळी थेट आत जाईल. म्हातारा ट्रक आहे, काळं ओकणारच."

ताडपत्री पूर्ण बंद नसायची. हे तिला बाबांइतकंच ठाऊक होतं. चादरी यंत्रातून गरम गरम निघायच्या. घट्ट झाकल्या की त्यांना घाम फुटायचा आणि कुबट वास यायचा. म्हणून पुढच्या बाजूला, कॅबिनच्या अगदी पाठीशी, वीतभर फट ठेवायची. ती गाठ बांधायला बाबांनीच तिला शिकवलं होतं. सातवीत असताना ती हौद्यावर चढून स्वतःच्या वितीने फट मोजायची, आणि बाबा म्हणायचे, "तुझी वीत लहान आहे, दोन बोटं वाढव."

पण खरं सांगितलं तर काका पाइप खालूनच काढणार. आणि उद्या सकाळी फाटकाशी तिघी उभ्या असणार.

"पूर्ण बंद असते," ती म्हणाली. इतक्या ठसक्यात, की मंचावर असती तर टाळ्या पडल्या असत्या.

सोमवारी सकाळी टाळ्या पडल्याही. चकचकीत पाइप कॅबिनच्या वर हातभर डोकावत होता, आवाज गुळगुळीत झाला होता, आणि ती पायरीवरून अशी उतरली की जणू विमानातून उतरते आहे.

संध्याकाळी शाळेतून आली तर घराला कुलूप. ती लाँड्रीत गेली. आईची पाळी तीनलाच संपायची, पण आई आणि आणखी दोघीजणी हौदाशी वाकून चादरी चोळत होत्या. यंत्रात टाकण्याआधी तेलकट काजळी हाताने काढावी लागते, नाहीतर डाग पक्का बसतो. पांढऱ्या कापडावर करडे ओघळ होते, कुणी चुलीत तोंड घालून चादरीला पुसावं तसे. आईची बोटं सुजून लाल झाली होती.

"सगळी गाडी परत पाठवली दवाखान्यानं," आई मान वर न करता म्हणाली. "पुन्हा असं झालं तर दुसरा ट्रक बघणार म्हणे. तुझे बाबा निघालेत मिस्त्रीला जाब विचारायला. बाहेर असतील, जा सोबत, डोकं फिरलंय त्यांचं."

गॅरेजवर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत बाबांनी काकांना झाडलं. "वीस वर्षं डोळे मिटून गाडी तुझ्या हवाली केली. माल काय, ताडपत्री कशी, एवढंही विचारावंसं वाटलं नाही तुला?"

काका फडक्याला हात पुसत होते. त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच तिला सोसवेना. ती जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिली. स्पर्धेत तिला कधी शब्द शोधावा लागला नव्हता. इथे एकच हवा होता, आणि ती पायाने तो डाग पुसत राहिली.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "विचारायला हवं होतं. आण, आत्ता खाली काढून देतो."

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले, आणि ट्रककडे वळले.

जेवायला बसल्यावर बाबांनी ताट नुसतंच समोर ठेवलं. "उद्या दुसऱ्या गॅरेजला नेतो. चूक होते गं माणसाची, पण विचारायचंसुद्धा नाही?"

"जाऊ द्या आता," आई बोटांना तेल चोळत म्हणाली. "झोपा काढत काम केलं असेल."

मिस्त्रीकाकांना आई असं कधी बोलली नव्हती. तिची कानशिलं तापली. घास तोंडात तसाच फिरत होता, तो तिने पाण्याबरोबर गिळला.

"त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज अगदीच बारीक निघाला. "मला विचारलं होतं. तुम्ही पट्ट्या आणायला गेला होतात तेव्हा. मी म्हटलं, ताडपत्री पूर्ण बंद असते."

"तुला फट माहीत नव्हती?" बाबांनी विचारलं.

"माहीत होती."

आईचा हात थांबला. बाबांनी ताट बाजूला सारलं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"उद्या मी शाळेआधी गॅरेजवर जाणार आहे," ती म्हणाली. "तिथे गिऱ्हाइकं असतील तर त्यांच्यासमोरच काकांना सांगणार, की खोटं मी बोलले, ते नाही. मग शाळा सुटली की लाँड्रीत. राहिलेल्या चादरी आईऐवजी मी चोळणार. आणि बाबा, तुम्ही मला काय हवं ते बोला, पण पाइप काकांच्याच हातून खाली उतरवायचा. ट्रक दुसरीकडे न्यायचा नाही."