मागच्या सीटवरचं वजन

गाडीतला तो आवाज फक्त वहिनी गाडीत असल्या की यायचा. स्पीडब्रेकरवरून मागची चाकं उतरली की 'कट्ट'. मागून, डाव्या बाजूने. एकटा असताना मापाडी त्याच स्पीडब्रेकरवरून पुन्हा पुन्हा गेला, खड्डे शोधून शोधून त्यांत चाक घातलं, पण गाडीने हूं की चूं केलं नाही.

मापाडी हे वहिनींनी ठेवलेलं नाव. दुकानांतले आणि कारखान्यांतले वजनकाटे बरोबर दाखवतात की नाही, हे तपासायची त्याची नोकरी. पदार्थविज्ञान शिकून त्याने हे काम हौसेने पत्करलं होतं आणि घरीही ती सवय सुटत नव्हती. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळकरी पोर होता. आई नसलेल्या घरात त्याचं दप्तर भरणं, फुटलेल्या गुडघ्याला मलम लावणं हे सगळं त्यांच्याकडेच आलं. त्यामुळे त्या त्याला अरेतुरे करत. चिडल्या किंवा थट्टेवर आल्या, की मात्र "भाऊजी, तुम्ही" सुरू व्हायचं.

न्हाणीघरात पाय घसरून वहिनींचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, व्यायामाला नेमाने या, सुरुवातीच्या महिन्यांत सांधा जेवढा मोकळा होईल तेवढाच पुढे साथ देईल. दादा दिवसभर कारखान्यात. तेव्हा ने-आण मापाड्याने अंगावर घेतली.

नेमकं त्याच सुमारास त्याने गाडीचं सस्पेन्शन बदललं होतं. मूळच्या स्प्रिंगा मऊ; वळणावर गाडी होडीसारखी कलायची, ते त्याला खपत नव्हतं. त्याने आखूड, कडक स्प्रिंगा आणि गॅसचे शॉकअप बसवून घेतले. आता गाडी वळणं कशी सुईत दोरा ओवल्यासारखी घ्यायची. कडक स्प्रिंग म्हणजे चाकाला बसलेला धक्का गाडी स्वतःकडे कमी ठेवते आणि बसणाऱ्याला जास्त देते, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? त्याने वहिनींना विचारलंही होतं.

"हादरे नाही ना बसत, वहिनी? रस्त्याला कशी चिकटून चालते की नाही?"

"छान चालते," त्या म्हणाल्या होत्या.

गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि टॉमीची लोखंडी कांब घालून मागचा एकेक सांधा हलवून पाहिला.

"सगळं घट्ट आहे, साहेब. रबरी बुश ठीक, लिंक ठीक, शॉकअप ठणठणीत."

"पण आवाज येतो."

"आत्ता येतोय?"

"आत्ता वहिनी नाहीत ना गाडीत."

गॅरेजवाल्याने हात पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं. "मग असं करू या का, वहिनींनाच घेऊ या लिफ्टवर?"

इकडे वहिनींनी वेगळाच घोर लावला होता. आज डोकं दुखतंय, आज पाहुणे यायचेत, आज नकोच रे. व्यायाम एकदा बुडाला, दोनदा बुडाला, मग बुडणंच नेमाचं झालं.

"आळस केलात तर काठी सुटायची नाही, वहिनी."

"नाही सुटली तर नाही सुटली. तुला मारायला होईल."

हसण्यावारी नेतात म्हणून तो जास्तच चिडला. त्या रात्री जेवताना त्याने दादाच्या कानावर घातलं, "वहिनी टाळतात. मी गाडी काढून खाली उभा असतो आणि ह्या येत नाहीत."

दादा मुळात अबोल माणूस. पण अबोल माणसाचं बोलणं साठलेलं असतं. "तो कामं सोडून तुझ्यासाठी धावतो, आणि तुला नाटकं सुचतात?" तो कडाडला. "जन्मभर काय अशीच लंगडत बसणार आहेस? मग मला सांगू नकोस!"

वहिनींनी एकदा मापाड्याकडे पाहिलं आणि पुढ्यातलं निमूट संपवलं. त्या पाहण्यात राग असता तर त्याला पुढे बरं वाटलं असतं. पण तेव्हा त्याने त्याचा अर्थ लावला तो एवढाच, की चोरी पकडली गेली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आवाजाच्या मागे लागला. वहिनी असताना आवाज येतो, नसताना येत नाही, म्हणजे मागच्या डाव्या बाजूवर भार आला की काहीतरी सरकत असणार. हे तपासणं त्याच्या हातचा मळ होता.

"वहिनी, तुमचं वजन किती?"

"आग लागो तुझ्या काट्याला! बायकांना वजन विचारतात होय?"

"कामासाठी हवंय."

"पन्नास."

"वहिनी."

"बरं, पंचावन्न. आणि वर एक शब्द बोललास तर याद राख."

दवाखान्याच्या कागदावर बासष्ट होतं. तो शब्दही बोलला नाही. ऑफिसात बाद झालेली लोखंडी वजनं पडून होती. त्यांतली बासष्ट किलोंची त्याने मागच्या डाव्या सीटवर रचली, वर पट्टा आवळला आणि नेहमीच्या रस्त्याने निघाला. स्पीडब्रेकर गेले, खड्डे गेले. आवाज नाही.

त्याने गाडी कडेला घेतली. वजन तेवढंच, जागा तीच, रस्ता तोच. मग बासष्ट किलो लोखंडात आणि वहिनींत फरक तो काय? लोखंड टोमणे मारत नाही. लोखंड वजन चोरत नाही. लोखंडाला हात नसतात.

हे त्याला गमतीनेच सुचलं होतं. पण तिथे त्याच्या मनात पाल चुकचुकली. आठवलं, की वहिनी गाडीत अखंड बोलतात आणि मध्येच वाक्य तोडून गप्प होतात. गप्प, मग 'कट्ट', मग राहिलेलं वाक्य. हे तो इतके दिवस ऐकत होता, पण त्याचं लक्ष होतं चाकांकडे.

तो तसाच गॅरेजवर गेला. वजनं उतरवली, किल्ली गॅरेजवाल्याच्या हातात दिली आणि स्वतः मागे डावीकडे बसला, वहिनी बसतात तसा, एक पाय लांब करून. पहिल्याच स्पीडब्रेकरला खालून आलेला ठोका माकडहाडातून थेट मानेत शिरला. पुढे बसून त्याला हे कधी एवढं जाणवलंच नव्हतं. हातात स्टिअरिंग असलं की येणारा धक्का आधी दिसतो आणि अंग तयारीत राहतं. दुसरा स्पीडब्रेकर आला तेव्हा त्याचा हात आपोआप वर गेला. दरवाज्यावर, छताला लागून, धरायचं हँडल असतं. त्याने ते पकडलं आणि अंग सीटवरून उचललं.

कट्ट.

"सापडला की हो!" गॅरेजवाला पुढून ओरडला. "हँडलच! एक स्क्रू आवळला की काम फत्ते!"

मापाड्याने हँडल हलवून पाहिलं. स्क्रू भोकात चांगलाच खेळत होता. इतका ढिला एका दिवसात होत नाही. प्रत्येक खड्ड्याला, जाताना आणि येताना, एक बाई मोडक्या खुब्यावरचा भार एका हातावर तोलून धरत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा, आणि मारणारा पुढे बसून गाडी कशी चिकटून चालते ते सांगत होता.

घरी आला तेव्हा वहिनी मटार सोलत होत्या.

"वहिनी, खड्डा आला की तुम्ही सीटवरून उठता."

"कोण म्हणतं?"

"हँडल म्हणतं."

त्यांनी शेंगेतले दाणे भांड्यात सोडले. "चोंबडं मेलं ते हँडल."

"दुखत होतं तर सांगायचं ना!"

"विचारलंस कुठे?"

"विचारलं होतं मी. हादरे बसतात का म्हणून."

"तसं विचारलंस होय! लेकराने चित्र काढून आणावं आणि 'छान आहे ना' म्हणावं, तसं विचारलंस. त्याला काय उत्तर असतं रे?" त्या हसल्या, मग हसू आवरलं. "किती हौसेने बसवलंस ते. म्हटलं, होईल सवय. नाहीच झाली. मग म्हटलं, न गेलेलं बरं."

"मी दादाला सांगितलं तेव्हा तरी बोलायचं."

"तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्यावर ओरडला असता. माझ्यावर ओरडून झालंच होतं. दोघांवर कशाला?"

मापाड्याने एक शेंग उचलली. सोलायचं मात्र त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कडक स्प्रिंगा आणि शॉकअप काढायला लावले. "लोक हे बसवायला येतात, साहेब, काढायला नाही," गॅरेजवाला कुरकुरला. "गाडी पुन्हा वळणावर झोके खाईल."

"खाऊ दे."

मूळच्या मापाच्या साध्या स्प्रिंगा आल्या. गाडी उंच झाली, बोजड दिसू लागली आणि पहिल्याच वळणावर कलली. वहिनी मागे शेजारणीच्या भांडणाची हकिकत सांगत होत्या. स्पीडब्रेकर गेला तरी वाक्य तुटलं नाही. मापाड्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्याला वाटलं, हे इतकं सोपं होतं.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी वहिनींचा पाय उचलून कोन मोजला. मागच्या वेळेपेक्षा आकडा कमी आला.

"मध्ये इतके दिवस का आला नाहीत?"

"आळस, दुसरं काय," वहिनी म्हणाल्या. त्याचाच शब्द.

"नाही, गाडी कडक होती," मापाडी म्हणाला. "माझी. त्यांना सोसत नव्हती."

बाईंना स्प्रिंगांशी देणंघेणं नव्हतं. "मग आता नेमाने आणा. येईल हळूहळू. पूर्ण येईल की नाही, ते आज नाही सांगता यायचं."

परतताना तो त्या आकड्याचा हिशेब करत राहिला. त्यातला कमीपणा मोडलेल्या हाडाचा किती आणि गाडीचा किती? ते ठरवायला दुसऱ्या वहिनी लागल्या असत्या, तशाच घसरलेल्या, मऊ गाडीतून नेलेल्या. त्याच्याजवळच्या कुठल्याही काट्यावर हे बसत नव्हतं.

एक गोष्ट तेवढी उरली होती. संध्याकाळी दादा आला, त्याने बूट काढले, आणि मापाड्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. स्प्रिंगा, हँडल, बुडालेला व्यायाम. "वहिनी टाळत नव्हत्या, दादा. त्यांना माझ्या गाडीत बसवत नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं."

"तुला माहीत नव्हतं," दादा म्हणाला.

"मी बघितलं नाही."

दादाने काढलेले बूट भिंतीशी नीट लावून ठेवले. ओरडला नाही.

"ते राहू दे. पण मी तिला जे बोललो," त्याने विचारलं, "त्याचं आता काय करायचं?"

दादा उठून आत वहिनींकडे गेला, दार लोटलं. मग दादाचा दबका, तुटक आवाज आला, मग तोही थांबला.

"भाऊजी," वहिनींनी आतून हाक मारली, "तुमच्या भावाला पाणी आणा जरा. मला पटकन उठवत नाही."

त्याने पेला भरला. दारापर्यंत आला. पण लगेच आत जाववेना, म्हणून तो भरला पेला घेऊन तिथेच उभा राहिला.