दोन तासांची खुर्ची

"सकाळपासून तोंडात काही घातलं नाही ना, काका?" सिस्टरने विचारलं आणि काटेवाल्यांनी बाही वर सरकवत, पापणीही न हलवता सांगितलं, "नाही."

चक्क खोटं. सव्वासातला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या त्यांनी पाच चमचे साखर घातलेला चहा घेतला होता. इतका गोड की शेवटचा घोट घशाखाली उतरेना. मग कप विसळून पालथा घातला, ओटा पुसला, साखरेचा डबा होता तिथे सरकवून ठेवला. जसं काही कोणी मागून तपासणीला येणार होतं. घरात होतं कोण तपासायला? बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि लेक परक्या देशात संसार करत होती.

सिस्टरने पट्टा आवळला, शीर चाचपली, सुई घातली. नळीत रक्त चढताना काटेवाले भिंतीकडे बघत राहिले. एकतीस वर्षं त्यांनी ट्रकच्या वजनकाट्यावर काढली होती आणि अजूनही रोज तिथे जात होते. त्यांचं खरं नाव इस्पितळाच्या फॉर्मवर होतं, पण तिथेही सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. माणूस काट्यावर इतका कडक, की ड्रायव्हर लोक त्यांच्या पाळीला नाक मुरडत. कुणी एक चाक हळूच काट्याच्या लोखंडी प्लेटच्या बाहेर ठेवायचा, कुणी मालाखाली दगड दडवायचा. काटेवाले केबिनमधून उठून गाडीभोवती फेरी मारायचे, वाकून एकेक चाक बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, मागे घे. आवाज चढवायचे नाहीत. आणि आज हेच गृहस्थ स्वतःच्या रक्तात दगड घालून आले होते.

का, ते सांगायला सहा वर्षं मागे जावं लागेल. इस्पितळात एक अभ्यास सुरू झाला होता. ज्यांची साखर ना धड चांगली ना धड वाईट, अशी काठावरची माणसं त्यांना हवी होती. उपाशीपोटी शंभरच्या आत असेल तर ठीक, एकशे सव्वीस किंवा त्याच्यावर गेली तर मधुमेह, आणि मधल्या पट्ट्यात जे लोंबकळतात ते यांचे. त्यातलं कोण पुढे मधुमेहात जाईल, कोण मागे फिरेल आणि ते आधीच ओळखता येतं का, हे त्यांना शोधायचं होतं. दर तीन महिन्यांनी मंगळवारी सकाळी यायचं. उपाशीपोटी रक्त द्यायचं, पेलाभर साखरेचं पाणी प्यायचं, दोन तास बसायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. त्या दोन तासांत खायचं नाही, प्यायचं नाही, फिरायचंही नाही. नुसतं बसायचं.

बायको होती तोवर त्यांना या बसण्याचा भयंकर कंटाळा यायचा. ती गेल्यावर मात्र कॅलेंडरवर ते मंगळवार त्यांनी स्वतःच गोल करून ठेवायला सुरुवात केली.

सुरुवातीला त्यांच्या गटात बारा जण होते. मग एकेक खुर्ची रिकामी होत गेली. काही जण मधुमेहात गेले आणि वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात त्यांचं जाणं-येणं सुरू झालं. दोघं दुसऱ्या गावी गेले, एकजण जगातूनच गेला. मंगळवारचे म्हणून उरले दोघं, काटेवाले आणि भूगोलाच्या बाई. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलताना समोरच्याला उभं करून प्रश्न विचारतील असा आवाज. त्याही एकट्याच राहायच्या.

आता दोन तासांत दोन माणसं काय बोलणार? पण बोलायची. एकदा काटेवाल्यांनी तक्रार केली, की अभ्यासातले धाकटे डॉक्टर म्हणतात काही देशांत ही रेघ शंभरवर आहे, तर काही ठिकाणी एकशे दहावर. म्हणजे माणूस विमानात बसला की बरा होतो की काय? काटा कसा, सगळीकडे एकच हवा. बाई हसल्या. त्यांनी सांगितलं, की आयुष्यभर पोरांना नकाशावरच्या सीमा शिकवल्या आणि निवृत्त झाल्यावर एकदा तशी एक सीमा प्रत्यक्ष बघायला गेल्या, तर तिथे नुसतं गवत. रेघ माणसं मारतात, कुठेतरी मारावी लागते म्हणून. गवताला काही कळत नाही. काटेवाल्यांना हे काही पटलं नाही, पण घरी जाऊन आठवडाभर ते गवत त्यांच्या डोक्यात राहिलं.

आणखी एकदा त्यांनी बाईंना काट्यावरचा जुना विनोद सांगितला होता. ड्रायव्हर विचारायचे, काका, जगाची वजनं करता, तुमचं किती भरतं? हे उत्तर द्यायचे, की आकडा दिसतो केबिनमध्ये. मी प्लेटवर उभा राहिलो तर तो वाचणार कोण? सगळे हसायचे. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, एकदा येते मी आकडा वाचायला. काटेवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि नंतर स्वतःलाच शिव्या घातल्या.

तर मागच्या खेपेला घोळ झाला. त्यांची साखर नॉर्मल आली. दोन्ही वेळची. धाकटे डॉक्टर खूश झाले, मधुमेहाचा धोका मोजायचा तक्ता काढून बसले. वय, कमरेचा घेर, वडिलांना होता का, रोज किती चालता. सहा वर्षांपूर्वी त्यात काटेवाल्यांचा धोका शंभरात चाळीस निघाला होता, आता बारावर आला होता. म्हणजे तुमच्यासारख्या शंभर जणांतल्या बारा जणांना पुढच्या पाच वर्षांत होईल, ते बारा कोण ते मात्र सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. काय केलंत, असंही विचारलं. चालतो रोज संध्याकाळी, तास-दीड तास, काटेवाल्यांनी सांगितलं. का चालतो ते सांगितलं नाही. संध्याकाळी त्या घरात बसवत नसे, म्हणून ते चालत. पाय दुखले की परत येत, जेवत, झोपत. आरोग्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

मग डॉक्टरांनी जाताजाता सांगितलं, की पुढच्या वेळीही नॉर्मल आली तर तुम्ही मोकळे. लागोपाठ दोनदा काठाच्या आत आलेल्याला अभ्यासातून काढतात.

तीन महिने हा शब्द काटेवाल्यांच्या कानात वाजत राहिला. मोकळे. लेकीला फोनवर सांगितलं तर ती आनंदाने ओरडलीच. त्यांनीही हो हो म्हटलं. आणि आज सव्वासातला साखरेचा डबा उघडला.

साखरेचं पाणी पिऊन ते खुर्चीत येऊन बसले. बाई आधीच आल्या होत्या. आज त्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, शाळेतल्या पोरांसारखे. काटेवाल्यांची नजर तिकडे गेलेली बघून त्या जरा लाजल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा आकडा वर्षभर वर वर चालला होता. एकशे अकरा, सतरा, एकवीस. आई याच दुखण्यात गेलेली, आधी पाय गेला मग डोळे. मागच्या खेपेला त्या घरी जाऊन नुसत्या बसून राहिल्या होत्या, की आता आपलंही ठरलेलंच आहे, कशाला हातपाय मारा. आणि मग सिस्टरकडून कळलं, की काटेवाले मागे फिरले.

"मला आधी वाटायचं, त्या मधल्या पट्ट्यातून फक्त पुढेच जाता येतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मागे आलात. दुसऱ्या दिवशी बूट आणले मी. तीन महिने झाले, एक दिवस चुकवला नाही. कंटाळा आला की म्हणते, काटेवाल्यांचा आकडा आहे तो, खोटा कसा असेल?"

काटेवाल्यांना घाम फुटला. त्यांच्या डोळ्यांसमोर आलं ते असं, की तीन महिन्यांनी बाई विचारतील, काय हो, मागच्या वेळी किती आली? आणि आपण सांगू, चढली परत. बाई स्वतःच्या पायांकडे बघतील. आपण खुर्ची राखली असेल, आणि बाईंच्या पायातले बूट आपणच काढून घेतले असतील.

मग बाईंना आलोच म्हणून रक्ताच्या खोलीत गेले. नळ्यांवर चिठ्ठ्या लावत बसलेल्या सिस्टरने वर बघितलं. मध्येच उठायचं नसतं हे त्यांना पाठ होतं.

"ती माझी पहिली नळी टाकून द्या," ते म्हणाले. "सकाळी चहा घेतला होता मी. साखरेचा."

"विसरलात होय?" सिस्टरने त्यांना सुटायला वाट दिली.

"विसरलो नाही. मुद्दाम घेतला."

सिस्टरची नजर दारातून बाहेर गेली, त्या ओळीने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांवर आणि शेवटच्या खुर्चीत बसलेल्या बाईंवर. ती रागावली नाही. नळी उचलली, चिठ्ठी काढली आणि नळी पिवळ्या डब्यात टाकली. शुक्रवारी परत या, असं हळू आवाजात सांगितलं. आज आता बसायची गरज नाही, घरी गेलात तरी चालेल.

"मी बसू का तेवढा वेळ?" काटेवाल्यांनी विचारलं.

"बसा, काका."

ते बसले. उरलेला वेळ बाई बोलत होत्या. बुटांमुळे टाचेला आलेला फोड, वाटेत रोज भेटणारं एक म्हातारं कुत्रं, चुलतबहिणीच्या नातवाला आता नद्यांची नावं विचारली तर मोबाइल बघून सांगतो ते. काटेवाले हुंकार देत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसले होते.

आता कुणी म्हणेल, फोन नंबर मागायचा सरळ, त्यात काय एवढं? बोलणाऱ्याचं काय जातं. एकसष्ट वर्षांचा विधुर माणूस, आयुष्यात परक्या बाईला गाडीच्या नंबराशिवाय दुसरा नंबर विचारलेला नाही. तीनदा त्याने घसा खाकरला. तीनदा बाईंनी त्याला विचारलं, पाणी हवंय का, पण आपल्याला चालत नाही ना. मग सिस्टरने बाईंना आत बोलावलं.

"येते," बाई उठत म्हणाल्या. "पुढच्या खेपेच्या मंगळवारचं काट्यावर आधीच सांगून ठेवा, नाहीतर रजा मिळायची नाही तुम्हाला."

"हो," काटेवाले म्हणाले. दोन नॉर्मलचा नियम बाईंना ठाऊक नव्हता. तो सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

शुक्रवारी ते खरोखर उपाशी गेले. खुर्च्यांवर दुसऱ्याच गटातली माणसं होती, सगळी मोबाइलमध्ये. दोन तास संपता संपेनात. सोमवारी काट्यावर असताना सिस्टरचा फोन आला. उपाशीपोटी चौऱ्याण्णव, नंतरचीही आत. अहवालाबरोबर अभिनंदनाचं पत्र येईल, म्हणाली. काटेवाल्यांनी बाईंचा पत्ता विचारला. तो देता येत नाही हो काका, नियमच आहे, आम्हालाही फक्त क्रमांक ठेवायचे असतात. तिला खरंच वाईट वाटलं होतं. नियमापुढे काटेवाले काय बोलणार? त्यांचाही जन्म नियमातच गेला होता.

"मग एक निरोप द्याल?" ते म्हणाले. "बाईंना म्हणावं, आकडा खरा आहे. चालत राहा."

"एवढंच?"

"एवढंच."

संध्याकाळी शेवटची गाडी प्लेटवरून उतरली. धूळ खाली बसली. काट्याचे मालक केव्हाच घरी गेले होते. काटेवाल्यांनी दिवसाच्या पावत्या खिळ्याला अडकवल्या, यंत्र बंद करायला हात नेला आणि मागे घेतला. केबिनमधून बाहेर आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते प्लेटवर चढले आणि मधोमध जाऊन उभे राहिले. हात अंगाशी, पाय जुळवून, एरवी गाडी उभी करायला लावत तितकेच नीट.

केबिनच्या काचेआड लाल आकडा उमटला असणार. इथून काही तो दिसत नव्हता.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग खाली उतरले, आत गेले. आकडा शून्यावर आला होता. त्यांनी यंत्र बंद केलं, दाराला कुलूप लावलं आणि चालायला लागले.