दिवा का लुकलुकत नव्हता

लावा पैज. ह्या गोष्टीचा शेवट काय, ते आत्ताच सांगा. तुम्ही म्हणणार, इअरबड्स शेवटी फोनला जोडले गेले आणि सगळे खूश झाले. अर्धं बरोबर. जोडले गेले, हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे तेवढ्यावर शहाणपणा मिरवायला नको. उरलेलं अर्धं ओळखा. ओळखलंत तर माझं झाकण उपटा आणि टोपी म्हणून घाला.

मी डबी बोलतेय. इअरबड्सची डबी. माझ्या पोटात दोन जुळी कारटी झोपतात, एक डावा, एक उजवा. नाव त्यांचं होतं, मिरवतात ती, आणि टोचणी, ढोसणी, आपटणी सगळी माझ्या वाट्याला. आज मी चिडलेली आहे, आधीच सांगते. मध्ये मध्ये बोलू नका.

जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने पोटात जुळी ठेवली, झाकण मिटलं आणि पट्ट्यावरून पुढं ढकललं. तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. बरोबर एक कागद दिला होता, घड्या घालून घालून पार बिस्किटाएवढा केलेला. माझी सगळी भाषा त्या कागदावर. ह्या घरात आले त्या दिवशीच तो कागद डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली गेला. स्टूल डुगडुगायचं थांबलं, एवढा त्याचा उपयोग.

मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही. एक दिवा आहे, तेवढ्यावर भागवते. तांबडा लागला म्हणजे पोट रिकामं, खायला घाला. पांढरा लुकलुकला म्हणजे आम्ही मोकळे आहोत, आणा कुठला नवा फोन जोडायचाय तो. आणि पांढरा एकसारखा जळत राहिला म्हणजे जोडलेले आहोत, उगाच छळू नका. तीन गोष्टी. पाळलेल्या मांजराचं बोलणं ह्याहून अवघड असतं, ते बरं कळतं माणसांना.

माझा मालक घड्याळवाला. लहानसं दुकान, मागच्या बाजूला घर. भिंतभर घड्याळं, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. म्हातारा डोळ्याला भिंग लावून बाकावर वाकलेला असतो, म्हातारी गिऱ्हाईक बघते, फोन घेते, आणि वेळ मिळेल तसा नवऱ्याला टोमणा मारते.

म्हातारा बहिरा आहे. अगदी ठार नाही, पण माणसांचं बोलणं त्याला कापूस कोंबल्यासारखं ऐकू येतं. हे म्हातारीला माहीत, लेकीला माहीत, मला माहीत. बाहेर कुणाला म्हणजे कुणाला नाही. कानाचं यंत्र घ्या म्हटलं की म्हणायचा, म्हाताऱ्यांना लागतं ते. तेव्हा लेकीने शक्कल काढली. मला विकत आणलं, फोनात काहीतरी घातलं, आणि फोन बोलणाऱ्यासमोर ठेवला की त्याचं बोलणं जुळ्यांतून बापाच्या कानात मोठं होऊन यायला लागलं. लोकांना वाटायचं, म्हातारा ह्या वयात गाणी ऐकतो. त्याला तेच पाहिजे होतं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, काय आजोबा, तरुण झालात. त्या दिवशी स्वारीने भांग दोनदा पाडला.

आता त्याची खोड सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. चालू वस्तू तो बंद करत नाही. दुरुस्तीला आलेली आणि कुणी न्यायला न आलेली घड्याळं बाकाच्या खणात पडून असतात. रोज सकाळी खण उघडून सगळ्यांना चावी देणार. म्हातारी म्हणते, मेलेल्या माणसांची घड्याळं जिवंत ठेवून कुणाला वेळ सांगताय. तो म्हणतो, चालतंय त्याला थांबवायचं कशाला.

तर झालं काय, त्याचा फोन पडला, काच फुटली. लेकीने ते काहीतरी आत घालूनच नवा फोन धाडला. जुना फुटका होता, पण चालू होता. मग काय केलं असेल त्याने? तारेला लावून खणात पार मागे सरकवला, घड्याळांच्या आड. चावी देताना खण अर्धाच उघडतो, तिथवर नजर जात नाही. कानाला ऐकवायचं ते काहीतरी आतमध्ये तसंच सुरू. आणि स्वतः विसरून गेला.

माझी जुळी कारटी कशी आहेत ते सांगते. झाकण उघडलं रे उघडलं की आधी ओळखीचा फोन हुंगतात. सापडला की धावत त्याच्या गळ्यात. ओळखीचं कुणीच नसलं तर मग नव्याकडे बघतात. सगळं विसरायला लावायचं बटन माझ्या महागातल्या बहिणींना असतं. माझ्या पाठीवरचं बटन नुसतं दिवा दाखवायला. मी स्वस्तातली, त्याची मला लाज नाही.

म्हणजे कळलं ना? नवा फोन समोर ठेवून म्हातारा झाकण उघडायचा, आणि कारटी चिकटायची खणातल्या फोनाला. मी पांढरा दिवा एकसारखा जाळायची. जोडलेलं आहे बाबा. खण उघड. खण.

म्हातारी लेकीला फोन लावायची. लेक तिकडून सांगायची, आई, दिवा लुकलुकला पाहिजे. म्हातारी माझ्यावर डोळे रोखून म्हणायची, अगं कुठला लुकलुकतोय, ठोंब्यासारखा जळतोय नुसता. ठोंब्या कोण, ते माझं मला माहीत.

मग सुरू झाले उपचार. बटन दाबलं. दाबून धरलं. चमच्याच्या दांड्याने दाबलं. म्हाताऱ्याने भिंग लावून माझ्या पोटात डोकावलं, चिमट्याने जुळ्यांना उचललं, घड्याळ धुवायच्या पेट्रोलात बारका ब्रश बुडवून माझ्या पितळी टाचण्या घासल्या. वर बिजागरीला घड्याळाचं तेल. पेट्रोलाने मला गरगरायला लागलं आणि तेलाने झाकण आपोआप उघडायला लागलं. मी पण सोडलं नाही. एकदा त्याचं बोट आत असताना झाकण असं मिटलं की बोलता सोय नाही.

कानात घालून बघायचा तेव्हा तर गंमतच. खणातला जुना फोन ऐकणार काय? घड्याळं. तेच जुळ्यांतून ह्याच्या कानात. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. दुसरा कुणी असता तर दचकला असता, ही टिकटिक आली कुठून. ह्याचं अख्खं आयुष्य टिकटिकीत गेलेलं. ह्याला वाटलं, दुकानातलीच आहे, छान ऐकू येतेय. म्हातारीला म्हणाला, घड्याळं ऐकवतंय, माणसं ऐकवत नाही, ह्याचं डोकं फिरलंय. माझं डोकं. ऐकताय ना?

शेवटी मला मोबाईलवाल्याकडे घेऊन गेला, दोन गल्ल्या सोडून. नवा फोन दुकानातच ठेवला, म्हातारीजवळ, गिऱ्हाइकाचा फोन आला तर म्हणून. तिकडे खण नाही, जुना फोन नाही, मी लगेच लुकलुकले. मोबाईलवाल्याने आपल्या फोनाला जोडून दाखवलं. हसला. म्हणाला, काका, वस्तू ठणठणीत आहे, वापरणाऱ्याला जमत नाही. म्हाताऱ्याला ते ऐकू आलं नाही. हसणं मात्र दिसलं. घरी येऊन मला बाकावर आपटलं, झाकण उघडलं, आणि कारटी पुन्हा खणातल्याच्या गळ्यात. म्हाताऱ्याच्या तोंडून जे निघालं ते मी इथं सांगत नाही.

एवढा जीव का खात होता, तेही सांगते. चौकातल्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ हा सांभाळायचा. नगरपालिकेच्या कचेरीचं काम. बापाने सांभाळलं, मग ह्याने. आठवड्याला वर चढून चावी द्यायची, तेलपाणी, टोल वेळेवर पडतोय का बघायचं. कचेरीत नवी साहेबीण आली होती. तिने निरोप धाडला, काम पुढं चालू ठेवण्याआधी काकांशी समोर बसून बोलायचंय. म्हाताऱ्याची झोप उडाली. म्हातारीला म्हणाला, बहिरा आहे कळलं तर टोलाचं घड्याळ माझ्याकडे ठेवेल का कुणी? म्हातारी म्हणाली, सांगून टाका ना, ती काय खाणार आहे तुम्हाला. तो म्हणाला, तू गप.

ठरवून ठेवलं होतं दोघांनी. काहीच जमलं नाही तर म्हातारी साहेबिणीच्या मागे उभी राहणार आणि हाताने खुणा करणार. पण त्या दिवशी म्हातारीला राहवेना. मोबाईलवाल्यालाच धरून आणते म्हणत चपला घालून निघाली. आणि साहेबीण सांगितल्या वेळेच्या आधी दारात. कामाची माणसं वेळेवर कधी येत नाहीत, एक तर उशिरा, नाही तर अशी.

म्हाताऱ्याने घाईघाईने कारटी कानात घातली, नवा फोन तिच्यासमोर ठेवला. देवाचं नाव घेतलं असेल. कानात टिकटिक.

साहेबीण वाईट नव्हती, हे पण सांगते, नाही तर सगळा राग तिच्यावर काढाल. हळू आवाजात, मायेने बोलत होती. म्हणाली, "काका, त्या पायऱ्या मी परवा चढून आले, माझेच पाय लटपटले. तुम्ही ह्या वयात चढता, मला बरं वाटत नाही. जुनं यंत्र उतरवून बॅटरीचं बसवावं म्हणतेय. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. घड्याळ तुमचं आहे. करू ना मग?"

म्हाताऱ्याने तिचं हसरं तोंड बघितलं. त्याला वाटलं, काम पुढं चालू राहिलं. जोरात मान हलवली.

तिला खरं वाटेना. तिने परत विचारलं, "नक्की ना काका? मनावर दगड ठेवून हो म्हणू नका."

"हो हो. तुम्ही म्हणाल तसं," म्हातारा म्हणाला. वर हात जोडले.

मी बाकावर उघडी पडले होते, बोंबलायला तोंड नाही. दिवा होता. जाळला. कोण बघतंय.

साहेबीण बाहेर पडली तेव्हा म्हातारी हात हलवत परत येत होती. मोबाईलवाल्याचं दुकान बंद. दोघींची दारात गाठ पडली. साहेबीण म्हणाली, काकू, काकांनी मोठं मन केलं, जुनं यंत्र उतरवायला तयार झाले. म्हातारीने तोंड उघडलं, पण साहेबीण घाईत होती, गेली.

म्हातारी आत आली ती सरळ नवऱ्यावर. ओरडली, हातवारे केले. त्याला अर्धं कळेना. म्हणाला, काम राहिलं आपल्याकडे, रडतेस कशाला. तिने रागाने त्याच्या कानातला उजवा उपटला, ह्यात आहे तरी काय म्हणून आपल्या कानात घातला. हा मला घासायचा ब्रश शोधायला खण ओढायला गेला. खण खडाडला आणि म्हातारी कान धरून ओरडली. खडखड तिच्या कानात झाली होती, बाकापासून एवढी लांब उभी असून.

तिने त्याला बाजूला सारलं. खण पुरता उघडला. फुटक्या काचेखाली उजेड.

"अहो, हा चालूच आहे," म्हातारी म्हणाली.

तिने फोन त्याच्या हातात दिला. म्हातारा कितीतरी वेळ बंद करायच्या बटनावर अंगठा नुसता टेकवून बसला. मग बंद केला. आणि मी लुकलुकले. अहाहा, काय लुकलुकले. नव्या फोनाला जोडायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आता द्या मला शाबासकी. कुणी दिली नाही.

म्हातारीने उजवा त्याच्या कानात परत घातला आणि नव्या फोनाशी तोंड नेऊन हळूच बोलली. साहेबीण काय म्हणाली ते सगळं. बऱ्याच दिवसांनी बायकोचा आवाज नीट ऐकला, तो हे ऐकायला. म्हातारा उठला. पायात काही न घालता, मला खिशात टाकून, फोन हातात धरून धावत सुटला.

साहेबीण चौकात फळवाल्याशी भाव करत होती. वर ते घड्याळ. ह्याला बघून तिने विचारलं, "काय काका, काही राहिलं का?"

ऐकू आलं. खणखणीत. मी आणि माझ्या कारट्यांनी एकही अक्षर सांडलं नाही. आता एवढंच म्हणायचं होतं, बाई, मला कमी ऐकू येतं, मी न ऐकताच मान हलवली. ती तिथल्या तिथं नको म्हणाली असती. सांगितलं होतं तिने तसं. फळवाला बघत होता. दोन गिऱ्हाइकं बघत होती.

म्हाताऱ्याने मनोऱ्याकडे बोट केलं.

"तिसऱ्या वळणावरची पायरी फुटकी आहे," म्हणाला. "तुमच्या माणसांना जपून चढायला सांगा."

मला खिशात उलटी व्हायची बाकी राहिली. इतके दिवस मला बिघडलेली म्हणाला, आपटलं, पेट्रोल पाजलं. आणि सगळं चालू झाल्यावर बिघाड निघाला कुठं? मला लेबल लावून परत करता येतं. ह्याला कुठं परत करायचं?

तुमच्याही घरात असेल माझ्यासारखी एखादी. दिवा काय म्हणतोय ते बघा आधी, मग टोचा. आणि ऐकू येत नसेल तर मान हलवू नका. माझं एवढं ऐका, बाकी करा काय करायचं ते.

कचेरीची माणसं दोऱ्या, कप्प्या घेऊन आली. तरणीताठी होती, पण लंबकाला हात लावायला कुणी धजेना. एवढं वजन, कुठं धरावं कळेना. तेव्हा साहेबिणीने घड्याळवाल्याला बोलावणं धाडलं. तो फुटकी पायरी ओलांडून वर चढला. बाकीच्यांना मागे सरकायला सांगितलं, आणि लंबक एकदा येऊ दिला, परत जाऊ दिला, परत येताना दोन्ही हातांनी धरला. पुरता थांबेपर्यंत सोडला नाही.