मोठी पुली

मी चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळील एका खेड्यातील भातगिरणीचे डिझेल इंजिन बोलतो आहे. थकलो आहे, मोजकेच बोलेन.

गिरणीमालक इब्राहीमभाईंनी मला बसवले, तेव्हा गिरणी फिरवणाऱ्या पट्ट्यासाठी माझ्या दांड्यावर लहान पुली लावली. माझी शक्ती ठरलेली आहे. शक्ती म्हणजे बल आणि वेग यांचा गुणाकार. वेग वाढवला की बल घटते. भाईंनी वेग कमी ठेवला, म्हणून ओलसर धानही मी वर्षानुवर्षे भरडले. लोक मात्र मला आळशी म्हणत. माणसांना घाई हेच सामर्थ्य वाटते, असा माझा अनुभव आहे.

पुढे भाईंना दम्याने खाटेला खिळवले आणि गिरणी त्यांच्या मुलाकडे, रईसकडे आली. अठ्ठ्याण्णव सालच्या मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा दिवस होता. आमच्याकडे मंडईला घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. गावातल्या लटारूच्या मुलीला, दिव्यानीला पाहायला त्याच संध्याकाळी पाहुणे येणार होते आणि घरात तांदूळ नव्हता.

“रईसभाऊ, पाव्हणे ताटावर बसतीन अन् आमचा धान पोत्यातच राहीन. काऊन इतका उशीर करून राह्यले?”

“आता पाहा न लटारूभाऊ, कशी पळते ते.”

रईसने चंद्रपूरहून मोठी पुली आणून नुकतीच मला लावली होती. जुनी तो तिथेच बदल्यात देऊन आला होता.

रिकामी गिरणी खरोखर पळाली. लोक खूश झाले. धान पडताच मात्र माझा दम तुटला. वेग घेतला होता, तेवढे बल उणे झाले होते. रईसने थांबवण्याऐवजी डिझेल वाढवले. काळा धूर निघाला, घरघर झाली आणि माझा पिस्टन जागीच जखडला.

खाटेवरून इब्राहीमभाई म्हणाले, “पळायले कोनं सांगतलं होतं त्याले? त्याले ओढायचं होतं.”

लटारूने पोते खांद्यावर घेतले. घरी त्याची बायको आशाबाई आणि दिव्यानी उखळाशी उभ्या राहिल्या. पाहुणे आले तरी कांडण संपले नव्हते. पाहुण्यांतल्या मुलाच्या आईने पदर खोचला आणि दिव्यानीसमोर उभी राहून मुसळ धरले. जेवणे फार उशिरा झाली. सोयरिक जुळली, असे नंतर ऐकले. तिचे श्रेय मी घेत नाही.

आता मी गिरणीमागे पडून आहे. कोंबड्या अंगावर बसतात. माझ्या जागी विजेची मोटर आली आहे आणि रईस हल्ली तिच्या पुलीकडे टक लावून पाहत असतो. त्याला कोणीतरी समजवा. मला पुन्हा चालवू नका. तिला मात्र सांभाळा.