पायऱ्यांवरचा हात

डाव्या कानातला कापसाचा बोळा सकाळपासून तिसऱ्यांदा गळून पडला होता आणि आता वकीलबाईंच्या टेबलाआड, मांडीवर, चिमटीत धरून ती तो पुन्हा वळत होती – लांबट, घट्ट, कानाच्या डॉक्टरांनी दाखवला होता तसा – तेवढ्यात बाईंचं अर्धं वाक्य निसटलंच. हल्ली असंच व्हायचं. माणसं डावीकडून बोलायची आणि तिच्यापर्यंत नुसती शेपटं पोचायची.

"...समजतंय ना?"

"पुन्हा सांगाल?" तिनं मान वळवून उजवा कान पुढे केला.

रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर एकोणीस वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडात हे वाक्य बसत नव्हतं. पलीकडच्या नुसत्या श्वासावरून ती ओळखायची, याला प्रसूतीचा वॉर्ड हवाय की शवागार. आता हेडफोन उजवीकडे ओढून कसंबसं निभावत होती, आणि साहेब अजून तरी काणाडोळा करत होते.

वकीलबाईंनी न कंटाळता पुन्हा सांगितलं. वयस्कर होत्या, शिकवल्यासारखं सावकाश बोलायच्या. फौजदारी तक्रार करता येईल. उपचारांचा खर्च आणि नुकसानभरपाई मागायची तर वेगळा दिवाणी दावा. तो पुन्हा अंगावर येईल अशी धास्ती असेल, तर मनाई हुकूम. नाहीतर समोरासमोर बसून तडजोड.

"पण एक लक्षात ठेवा. कान कायमचा गेला असं सर्टिफिकेट एकदा जोडलं, की ती साधी मारहाण राहत नाही. उद्या तुमचं मन बदललं तरी खटला मागे घेणं तुमच्या हातात नसतं. त्यांची नोकरी जाईल. कदाचित आतही जावं लागेल."

त्यांची, म्हणजे दादाची. सर्टिफिकेट पर्समध्ये होतं, चार घड्या घातलेलं. पडदा फाटलाय, आतली नस दुखावलीय, ऐकू परत येणार नाही. हे सगळं डॉक्टरांना तिच्याशी ओरडून बोलावं लागलं होतं आणि बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्या पेशंटांनी ते ऐकलं होतं.

तेवीस दिवस झाले. आई गेली त्या दुपारी दादा आठ तासांचा प्रवास करून आला तो थेट रुग्णालयाच्या पायऱ्यांवर, आणि तोवर आईला जाऊन तीन तास झाले होते. तिनं फोन केला होता... पण त्या दिवशी सकाळी. साऱ्या गावाचे फोन जोडणारी ती, घरचा एक फोन मात्र दोन दिवस पुढे ढकलत राहिली, कारण आई म्हणत होती, त्याला उगाच घाबरवू नकोस गं, मी काय लगेच चाललेय? आणि तिनं आईचं ऐकलं.

"आता नीट आठवून सांगा." बाईंनी निवेदनाचा कागद पुढे ओढला. "हात उगारणं आणि हात लागणं, कायद्याला ही दोन वेगळी. मारलं ते उघडच आहे. पण त्याआधी त्यांनी हात वर केला, तेव्हा तुम्हाला भीती वाटली? आता हा मारणार, असं वाटलं?"

पायऱ्या. दादाचा चुरगळलेला शर्ट, लाल डोळे. हात वर गेला – तो हात तिला पाठ होता. बाबा गेले तेव्हा दादा सोळाचा, ती सातची. शाळा सोडून तो कारखान्यात लेथवर उभा राहिला, आणि पुढे तिच्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी तेलाचा वास येणारा तो खरखरीत पंजा तिच्या डोक्यावर यायचा. जा ढब्बे, पास होऊन ये. नोकरीच्या पहिल्या दिवशीही तो पंजा आला होता, केसांचा पार विस्कोट करून... तर तो हात वर गेला आणि तिनं डोकं वाकवलं. आला दादा, आता हात ठेवेल, आता मी रडेन – दोन दिवस डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं मी, कुणासाठी थांबले होते? ती अर्धी पायरी पुढेसुद्धा सरकली. म्हणूनच तो फटका गालावर न बसता कानावर बसला.

"नाही," ती म्हणाली.

"घाई करू नका. वाटली असेल तर आपली बाजू भक्कम होते. कुणालाही वाटेलच की."

वाटायला हवी होती. त्यानंतर दादाचा एक फोन नाही. मावशीनं विचारलं तर तिला म्हणाला, लागला असेल हात, एवढं काय! कान गेल्याचं तिनं सोसलं असतं, पण हे 'एवढं काय' तिला झोपू देत नव्हतं.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" बाईंनी चष्मा काढून विचारलं.

फोन वाजायला हवा, आणि पलीकडून त्यानं म्हणायला हवं – ढब्बे, ऐकू येतंय का गं? याला काही कलम आहे का, असं विचारावंसं तिला वाटलं, पण तिनं बोळा फक्त दाबून गोल केला.

"बरं. कागद घरी न्या, शांतपणे वाचा, आठ दिवसांत सांगा." बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून तिच्या डावीकडे आल्या. त्या आलेल्या तिला कळलंच नाही. दिसला तो नुसता हात, वरून डोक्याकडे येणारा – आणि खुर्ची करकरत मागे सरकली, कोपर तोंडावर गेलं, मान खांद्यांत शिरली.

"अहो... मी नुसता हात ठेवत होते."

बाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. म्हातारा, स्वच्छ, शाई लागलेला हात. बोळा जमिनीवर पडला होता. तो उचलायला ती वाकली आणि वाकल्यावर तिला उठताच येईना. तेवीस दिवसांत आलं नव्हतं ते रडू आता तिथं, टेबलाच्या पायाशी, परक्या बाईसमोर आलं.

भीती आली होती शेवटी, इतक्या उशिरा, आणि तीही भलत्याच हाताची. आता कुणी विचारलं, भीती वाटते का, तर तिला हो म्हणता येणार होतं. पण कागदावरचा प्रश्न त्या पायऱ्यांवरचा होता, आणि पायऱ्यांवर ती अजून डोकं वाकवून उभी होती, दादा हात ठेवेल म्हणून.