वाहत्या पेट्रोलचा दाब

“हाच,” असं म्हणून मावशीनं लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर कानापासून दूर केला आणि टेबलावरच्या तीन पंपांपैकी मधल्याकडे हनुवटीनं खूण केली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि पंपाच्या पोटातलं ऐकायचं, ही तिची जन्मभराची पद्धत. डॉक्टर नळी लावतात, मी दांडा लावते, असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. मावशीनं ‘हाच’ म्हटलेला पंप कधी परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. निदान तिला तरी आठवत नव्हतं.

आजचं गिऱ्हाईक घरचंच होतं. मावशीची एकुलती एक लेक सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत गाडी पळवायची, आणि या वर्षी तिनं गाडीला नायट्रस बसवायचं ठरवलं होतं. बाटलीतला वायू, बटण दाबलं की इंजिनात शिरतो आणि गाडी मागून कुणी लाथ घातल्यासारखी सुटते. पण त्या वायूबरोबर तेवढंच जादा पेट्रोल आत जावं लागतं. ते क्षणभर जरी कमी पडलं, तरी आतली उष्णता पिस्टनला भोक पाडते, आणि भर वेगात इंजिन फुटलं तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून या पेट्रोलची छोटी टाकी वेगळी ठेवायची आणि तिचा पंपही वेगळा. तो पंप आईनं निवडायचा, यावर लेकीनं कधी दुसरा विचारही केला नव्हता.

विचार केला होता तो जावयानं. गाडीचं इंजिन त्यानं स्वतः बांधलं होतं आणि त्याचा जीव तिसऱ्या, सगळ्यात मोठ्या पंपावर जडला होता. लेकीला वायूही भरपूर सोडायचाय आणि पेट्रोलही, मग पंप हात राखून कशाला, असं त्याचं म्हणणं. मावशीनं नाक मुरडलं. एवढ्याशा टाकीवर एवढा राक्षस बसवला तर तो पेट्रोल घुसळून घुसळून गरम करील, त्यात बुडबुडे होतील आणि ऐन वेळी पेट्रोलऐवजी फेस जाईल, हे तिनं त्याला दोनदा समजावलं होतं. सासू-जावयाचं एरवी चांगलं जमायचं. फक्त पंपाच्या बाबतीत कुणी माघार घेत नसे. शेवटी जावई वायर आणायला म्हणून मागच्या अंगणात निघून गेला.

“आई, परत एकदा लाव ना मधला,” लेक म्हणाली.

मावशीनं तो लावला. पुढचा नळ थोडा आवळला, म्हणजे पंपावर ताण आला. दांड्यातून कशी भरदार घुमघुम येत होती, खोट म्हणून नाही. मावशीनं समाधानानं मान डोलावली आणि वर पाहिलं, तर लेकीनं डोळे बारीक केले होते, दात शिवशिवल्यावर करतात तसे. ती पंपाकडे पाहत होती. मग ती आईकडे पाहू लागली.

“हा किंचाळतोय, आई.”

“काहीतरीच. घुमतोय बघ कसा.”

तेवढ्यात अंगणातून जावयाचा आवाज आला. “कोण किंचाळतंय तिकडं?”

“काही नाही,” लेक घाईघाईनं ओरडली, “माझ्याच हातून नळी चिमटली गेली.”

नळी कुणीही चिमटली नव्हती.

मावशीनं पंप बंद केला. ताण न पेलणारा पंप बारीक, उंच सुरात किंचाळतो. याच सुरावर तिनं आजवर शेकडो पंप नापास केले होते. तो सूर आत्ता या खोलीत वाजला होता, अंगणापर्यंत गेला होता, आणि तिच्या कानाशी लावलेल्या दांड्यातून मात्र आला नव्हता. खालची घुमघुम आली, वरचं गळून गेलं. गेले काही महिने घड्याळाचा गजर होत नाही म्हणून तिनं दोन घड्याळं बदलली होती. दारावरची बेलही बिघडली आहे असं ती सगळ्यांना सांगत असे. सगळी यंत्रं एकदम कशी बिघडतील, हा प्रश्न पंपांच्या डॉक्टरीणबाईंना पडला नव्हता.

कान गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी होती ती भीती. आपण ‘हाच’ म्हटलं होतं. लेकीला ऐकू आलं नसतं, तर ती या पंपावर बसून सुटली असती, आईच्या शब्दावर. आणि वर ती आपल्यासाठी खोटं बोलली होती, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेतात तसं. याचा मावशीला रागही आला आणि गहिवरूनही आलं.

जावई वायर घेऊन आत आला तेव्हा मावशी कपाटातून किती पेट्रोल पडतं ते मोजायचा जुना, मोजपट्टीचा डबा काढून पुसत होती. हा डबा घेऊन पंप तपासणाऱ्यांची तिनं आयुष्यभर टिंगल केली होती. ज्यांना कान नाहीत त्यांनी डबे घ्यावेत, असं ती म्हणत असे.

“या वेळी मोजून घेऊ,” ती म्हणाली. “चला, तिन्ही पंप अंगणात घ्या.”

जावयानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं पंप उचलले.

अंगणात मोकळी हवा होती. मावशीनं मधल्या पंपापुढे दाबाचं मीटर लावलं आणि त्यापुढे शर्यतीत बसणार होतं तेच बारीक भोकाचं जेट. नळ बंद ठेवून पंप चालू केला. काटा सहावर गेला, जिथं हवा होता तिथंच. जावई म्हणाला, झालं की, सहा तर आहे. तो नेहमी असाच दाब लावायचा, नळ बंद ठेवून.

“थांबा,” मावशी म्हणाली आणि तिनं नळ उघडला. पेट्रोल जेटमधून डब्यात पडू लागलं आणि काटा सहावरून सरकत चारवर येऊन बसला. “उभ्या पेट्रोलचा दाब काय चाटायचाय? ती बटण दाबेल तेव्हा पेट्रोल वाहत असणार. वाहताना किती उरतो ते बघायचं.”

जावयानं वाकून मीटर पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, कारण मागच्या हंगामात त्यानं दोन मित्रांच्या गाड्यांना बंद नळानंच दाब लावून दिला होता. आजच त्यांना फोन करतो, असं तो म्हणाला.

लहान पंप तर काट्याला चारवरही नेईना. मग मोठा पंप लावला. त्यानं डबा झरझर भरला आणि दाब जागचा हलला नाही. मावशीनं डबा उजेडात धरून मोजपट्टी पाहिली. मग तिनं तो खाली ठेवला.

“पंप तुमचाच बरोबर, जावई. मी चुकले.”

असं वाक्य जावयानं या घरात ऐकलं नव्हतं. पण मावशीनं त्याला फार वेळ हवेत राहू दिलं नाही. उरलेलं पेट्रोल परत टाकीत नेणारी नळी रुंद हवी, टाकीही दीडपट हवी, नाहीतर फेसाचं मी म्हटलं ते होणारच, असं तिनं बजावलं. टाकी बदलायला संध्याकाळ झाली. शेवटी दाब कमी-जास्त करणारा स्क्रू फिरवायची वेळ आली तेव्हा जावयानं पाना आपसूक हातात घेतला. लेकीनं तो त्याच्या हातातून काढून आईला दिला.

“दाब तूच लाव.”

मावशीनं नळ उघडा ठेवला, चष्मा पुसला आणि काटा सहावर येईपर्यंत स्क्रू फिरवला. हात नेहमीसारखाच स्थिर होता.

शर्यत एका बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर होती. मावशी जावयाबरोबर कठड्याशी उभी राहिली. लेकीची गाडी रेषेवर आली, हिरवा दिवा लागला आणि आजूबाजूच्या सगळ्या माणसांनी एकदम कानांवर हात ठेवले. गाडी पट्ट्याच्या मध्यावर आली तेव्हा तिनं बटण दाबलं असणार, कारण गाडी खाली बसल्यासारखी झाली आणि एकदम लहान दिसू लागली. मावशीनं श्वास धरून ठेवला होता. पट्ट्याच्या शेवटी ब्रेकचा लाल दिवा दिसला तेव्हा तिनं तो सोडला.

गाडी परत आल्यावर जावयानं सगळ्यात आधी एक स्पार्क प्लग काढून पाहिला. त्याचा रंग जसा हवा तसा होता. पेट्रोल पुरलं होतं. त्यानं तो प्लग कुणालाही न दाखवता फडक्यासकट सरळ सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. भोवती ओळखीचे मेकॅनिक जमले. मावशीचा कान सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, “सांगा मावशी, कसा होता गाडीचा आवाज? तुम्ही म्हणाल ते खरं.”

लेक हेल्मेट काढता काढता थांबली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडू लागली. मावशीनं तिच्याकडे पाहून मान हलवली.

“मला नाही पुरता ऐकू आला,” ती म्हणाली. “वरचा सूर आता येत नाही मला. पंप मोजून घेतलाय, कानानं नाही.”

कुणी हसलं नाही. विचारणारा मेकॅनिक उगाच हात पुसू लागला.

“तू आत होतीस,” मावशी लेकीला म्हणाली. “तू सांग, कसा होता आवाज.”

लेकीनं हेल्मेट बॉनेटवर ठेवलं. एवढ्या लोकांसमोर ती आईच्या कानाशी तोंड नेऊन गाडीचा आवाज काढू लागली; आधी जाड, मग चढत चढत, मग बटण दाबल्यावरचा. तो वर जाऊ लागला तसा मावशीला कमी कमी येऊ लागला. तिनं दोन बोटं लेकीच्या गळ्यावर टेकवली. तिथं तो चालू होता, सलग, मध्ये कुठंही तुटला नव्हता.

“पुन्हा एकदा,” मावशी म्हणाली.